साथ, धास्ती आणि विश्वास : १८९६-९८ च्या प्लेगकाळातील मुंबई-पुण्याच्या लोकमानसाचा एक अभ्यास

सारांश

साथीच्या काळात वाढणारी चिंता हा सामान्यतः मानसशास्त्राचा विषय मानला जातो. प्रस्तुत निबंधात तो इतिहासाच्या अंगाने तपासला आहे. १८९६ मध्ये मुंबईत आणि त्यानंतर काही महिन्यांतच पुण्यात पसरलेल्या प्लेगच्या साथीत लोकांनी रोगाचा जेवढा धसका घेतला, तेवढाच किंवा त्याहून अधिक धसका रोगनिवारणाच्या उपायांचा घेतला. ही भीती अडाणीपणातून उद्भवली, असे तत्कालीन अधिकाऱ्यांनी वारंवार म्हटले. उपलब्ध पुराव्यांवरून मात्र तिला निश्चित कारणे होती आणि ती कारणे जेथे दूर झाली तेथे ती ओसरली, असे दिसते. २०२० मधील कोविड-१९ च्या अनुभवाच्या संदर्भात या निष्कर्षाचे महत्त्व शेवटी विशद केले आहे.

बीजशब्द : प्लेग, लोकमानस, धास्ती, विलगीकरण, अफवा, मानसिक आरोग्य.

१. प्रस्तावना

साथींच्या इतिहासात मृतांची मोजदाद होते, कायदे आणि समित्या यांची नोंद होते. माणसांनी त्या काळात रात्री कशा काढल्या, याची नोंद मात्र कोणत्याही सरकारी तक्त्यात आढळत नाही. मराठी भाषेने ही नोंद आपल्या परीने जपली आहे. भीती, धास्ती, धसका, काळजी, घोर हे शब्द आपण सहजपणे वापरतो. परंतु त्यांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. भीती समोरच्या संकटाची असते, धास्ती येऊ घातलेल्या संकटाची असते, आणि धसका एकदा बसला की संकट टळल्यावरही जात नाही. आजच्या मानसोपचारशास्त्रात ज्याला चिंताविकार म्हणतात, त्याच्या जवळ जाणारा अनुभव या शब्दांत पूर्वीपासून साठवलेला आहे.

२०२० च्या मार्च महिन्यानंतर या शब्दांचा अर्थ आपणा सर्वांना नव्याने कळला. त्या काळात वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून 'मन खंबीर ठेवा, घाबरू नका' असा उपदेश सातत्याने केला गेला. उपदेश चुकीचा नव्हता. पण घाबरणे हा जणू व्यक्तीच्या मनाचा दुबळेपणा आहे, असे त्यात गृहीत धरलेले होते. हे गृहीतक कितपत टिकते, हे पाहण्यासाठी सव्वाशे वर्षे मागे जाणे उपयुक्त ठरेल.

२. अभ्यासाची साधने व मर्यादा

प्लेगविषयी सरकारी अहवाल, वृत्तपत्रे, खटल्यांची कागदपत्रे आणि आत्मचरित्रे अशी विपुल साधने उपलब्ध आहेत. तथापि या साधनांत गिरणीकामगार, सफाई कामगार, मोलकरणी, विणकर यांचा आवाज थेट ऐकू येत नाही. त्यांच्या मनाचा ठाव त्यांच्या कृतींवरूनच घ्यावा लागतो. लोक केव्हा पळाले, काय लपवले, कशावर चालून गेले आणि कशाला राजी झाले, हीच येथे साधने आहेत. दुसरी मर्यादा अशी की, आजच्या रोगनिदानाच्या संज्ञा त्या काळातील माणसांना लावणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. म्हणून या निबंधात कोणाचेही मानसिक निदान करण्याचा प्रयत्न केलेला नाही.

३. मुंबई : अज्ञात रोग आणि पलायन

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागातील रुग्णांना झालेला ताप हा ग्रंथिक प्लेग असल्याचे डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी निश्चित केले. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधला होता. परंतु उंदरावरील पिसू हा रोग पसरवते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत १८९८ मध्ये दाखवून दिले, आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. म्हणजे १८९६-९७ मध्ये रोग कसा पसरतो हे लोकांना ठाऊक नव्हते, तसेच डॉक्टरांना आणि सरकारलाही ठाऊक नव्हते. प्रतिजैविके अजून कित्येक दशके दूर होती. गाठ आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रोगी दगावत. अशा स्थितीत गटारे धुणे, घरांना चुना लावणे, कार्बोलिक शिंपडणे, सामान जाळणे आणि रोग्यास घरातून हलवणे हेच उपाय सरकारच्या हाती होते.

ऑक्टोबर १८९६ च्या आरंभी मुंबईच्या म्युनिसिपल कमिशनरांनी रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचा अधिकार जाहीर केला. त्याच महिन्याच्या २९ तारखेस सुमारे एक हजार गिरणीकामगारांचा जमाव आर्थर रोड रुग्णालयावर चालून गेला. महिनाअखेरीस सक्तीचे नियम सौम्य करण्यात आले. सफाई कामगार शहर सोडून गेले तर मुंबई राहण्यायोग्यच उरणार नाही, ही धास्ती त्यामागे होती. राज्यकर्तेही घाबरलेले होते, हे या तपशिलावरून स्पष्ट होते. त्यांची भीती आदेशांच्या रूपाने प्रकट झाली आणि रयतेची भीती पलायनाच्या रूपाने. १८९७ च्या आरंभीच्या महिन्यांत शहराच्या आठ लाखांवर असलेल्या वस्तीपैकी जवळजवळ निम्मे लोक मुंबई सोडून कोकणात, देशावर, गुजरातेत आपापल्या गावी निघून गेले होते.

या पलायनास अविवेकी म्हणणे सोपे आहे, आणि त्यामुळे रोग अन्यत्र पोचण्यास साहाय्य झाले हेही खरे आहे. परंतु पळणाऱ्याच्या दृष्टीने पाहता चाळीतील दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या माणसाकडे विलगीकरणाचा दुसरा मार्गच नव्हता. शिवाय मरण आलेच तर ते आपल्या माणसांत यावे, ही इच्छा त्यामागे होती. पुढे गावोगावी उंदीर पडू लागले की घरे सोडून शेतात झोपड्या बांधून राहण्याची रीत रूढ झाली. रोगाचे कारण शास्त्राला पूर्णपणे उमगण्याआधी लोकांनी शोधलेला हा उपाय पुढे सरकारी धोरणातही स्वीकारला गेला.

४. पुणे : घराच्या उंबऱ्यावरील भीती

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अस्तित्वात आला. त्याने सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. त्याच महिन्यात डब्ल्यू. सी. रँड यांच्याकडे पुण्याच्या प्लेग समितीची सूत्रे आली. मार्चच्या मध्यापासून मे महिन्यापर्यंत सैनिकांकरवी घरांची झडती घेण्यात आली. तपासणीच्या कामावर अधिकारी व शिपाई मिळून ८९३ माणसे होती, आणि त्यांत डरहॅम लाइट इन्फंट्री या पलटणीच्या गोऱ्या सैनिकांचा भरणा होता. एकाच घराची पुनःपुन्हा झालेली तपासणी धरून सुमारे २ लाख १८ हजार तपासण्या झाल्या. त्यांतून ३३८ रोगी आणि ६४ मृतदेह सापडले. दर साडेसहाशे तपासण्यांमागे साधारण एक रोगी, असे हे प्रमाण पडते. उरलेल्या शेकडो घरांत त्या तपासणीने काय ठेवले असेल, याचा विचार या आकड्याच्या आधारे करता येतो.

उंबऱ्याच्या आत बूट घालून शिरणे, देवघरास व स्वयंपाकघरास हात लावणे, गाठीसाठी काखा-जांघा तपासणे, सामान बाहेर काढून जाळणे आणि रोग्याच्या नातलगांस विलगीकरणाच्या छावणीत नेणे, या प्रकारांच्या तक्रारी पुण्यातील वृत्तपत्रांतून आणि अर्जांतून मोठ्या प्रमाणावर झाल्या. पंडिता रमाबाईंनी मे १८९७ मध्ये मुंबईच्या एका इंग्रजी नियतकालिकात पत्र लिहून स्त्रियांच्या बाबतीतील व्यवस्थेविषयी उघड तक्रार केली. रमाबाई सनातन्यांच्या बाजूच्या नव्हत्या. म्हणून हा विरोध केवळ सोवळ्या-ओवळ्याचा होता, असे म्हणणे त्यांच्या साक्षीमुळे कठीण होते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्लंडमध्ये सैनिकांच्या वर्तनाविषयी केलेले आरोप त्यांना पुराव्यानिशी सिद्ध करता आले नाहीत व त्यांनी जाहीर माफी मागितली. प्रत्येक तक्रार खरी होती असे म्हणता येत नाही; परंतु तक्रारींमागील धास्ती खरी होती, हे पुढील घटनांनी दाखवून दिले. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. आयर्स्ट जागीच गेले आणि रँड ३ जुलै रोजी. चापेकर बंधूंना फाशी झाली. 'केसरी'तील लेखनाबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

या राजकीय घटनांवर विपुल लेखन झाले आहे. त्यांच्या छायेत सामान्य घरांतील एक दुष्टचक्र मात्र दुर्लक्षित राहिले. रोगी सापडला तर त्यास नेतील आणि घरच्यांनाही नेतील, या भयाने रोगी लपवला जाई. लपवल्यामुळे तो अगदी शेवटच्या अवस्थेत रुग्णालयात पोचे. अशा अवस्थेत पोचलेला रोगी बहुधा दगावे. तो दगावला की रुग्णालयात माणसे मारतात, या समजास पुष्टी मिळे आणि पुढचा रोगी अधिक काळजीपूर्वक लपवला जाई. भीतीने उपायास निष्फळ केले आणि निष्फळ उपायाने भीती वाढवली.

५. अफवांचा अर्थ

या काळात अनेक अफवा पसरल्या. रुग्णालयात माणसांच्या शरीरातून मोमियाई नावाचे औषध काढतात, राणीच्या पुतळ्यास काळे फासल्याचा सूड म्हणून हे सारे चालले आहे, टोचण्याच्या औषधात विष आहे, असे बोलले जाई. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यास ऑक्टोबर १८९६ मध्ये डांबर फासले गेले होते आणि त्याच सुमारास प्लेग जाहीर झाला. या दोन घटनांची सांगड लोकांनी घातली.

सरकारी अहवालांनी या अफवांस हास्यास्पद ठरवले. त्या असत्य होत्याच. परंतु त्या सर्व एकाच प्रश्नाभोवती फिरतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आमचे माणूस दाराआड नेल्यावर त्याचे तुम्ही काय करता, हा तो प्रश्न होय. दार बंद होते आणि उत्तर मिळत नव्हते, म्हणून लोकांनी उत्तर स्वतःच रचले. माहितीच्या अभावी मन रिकामे राहत नाही. ते सर्वांत वाईट शक्यतेने भरून जाते. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी विणकर वस्तीत आजारी मुलीला नेण्यावरून दंगल उसळली. तिच्याही मुळाशी दाराआड काय होईल, ही धास्ती होती.

६. धास्ती कोठे ओसरली

आता दुसऱ्या बाजूच्या नोंदी पाहू. मार्च १८९७ मध्ये मुंबईच्या प्लेग समितीची सूत्रे ब्रिगेडियर जनरल गॅटॅकर यांच्याकडे आली. तेही लष्करी अधिकारी होते आणि घरांची तपासणी त्यांनीही केली. मात्र निरनिराळ्या समाजांच्या पुढाऱ्यांशी बोलणे त्यांनी आवश्यक मानले आणि त्या-त्या समाजांनी स्वतःची प्लेग रुग्णालये काढण्यास उत्तेजन दिले. पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग रुग्णालय निघाले. ज्या वेळी अनेक प्रतिष्ठित मंडळी शहर सोडून गेली होती, त्या वेळी टिळक पुण्यातच राहिले. प्लेग निवारणाचे उपाय आवश्यक आहेत, हे मान्य करून त्यांतील जुलमाविरुद्ध त्यांनी लिहिले. या सामाजिक रुग्णालयांत औषध वेगळे नव्हते, कारण खरे औषध कोणाकडेच नव्हते. वेगळेपण होते ते उशाशी बसलेल्या नातलगात, ओळखीच्या हातच्या अन्नात आणि मृत्यूनंतर आपल्या रीतीप्रमाणे संस्कार होतील या खात्रीत. त्यामुळे ज्यांनी सरकारी रुग्णालयाचे नाव काढू दिले नसते, ते येथे येऊ लागले. अर्थात जातवार रुग्णालयांची ही व्यवस्था जातिभेद टिकवणारी होती आणि ज्यांच्या समाजात धनिक पुढारी नव्हते त्यांच्या वाट्याला ती फारशी आली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

या उणिवेच्या पार्श्वभूमीवर सावित्रीबाई फुले यांचे कार्य पाहावे लागते. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर ससाणे मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलास सावित्रीबाईंनी स्वतः उचलून तेथे आणले. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. साथीत रोग्याला स्पर्श करणारा हात किती महत्त्वाचा असतो, हे या घटनेतून जसे समजते, तसे कोणत्याही अहवालातून समजत नाही.

लसीच्या बाबतीतही हेच दिसते. वॉल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःच्या शरीरावर टोचून घेतली. तिसरे आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर ती जाहीरपणे टोचून घेतल्यावर खोजा समाजातील लोक मोठ्या संख्येने पुढे आले. उलट, पंजाबातील मुल्कोवाल येथे १९०२ मध्ये एका बाटलीतील लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले, तेव्हा कमावलेला विश्वास डळमळला. हाफकिन यांच्यावरील ठपका १९०७ पर्यंत राहिला. विश्वास मिळवण्यास वर्षे लागतात आणि एका बाटलीने तो जातो, हा धडा आजही जुना झालेला नाही.

१८९८ मध्ये नेमलेल्या भारतीय प्लेग आयोगाच्या कामकाजानंतर सक्तीची झडती आणि जबरीचे विलगीकरण ही धोरणे मागे पडत गेली. स्वेच्छेने गाव सोडणे, स्वेच्छेने लस घेणे आणि स्थानिक लोकांचे साहाय्य यांवर भर आला. प्लेग त्याने थांबला नाही. पुढील दोन दशकांत त्याने भारतात एक कोटीच्या आसपास बळी घेतले. पण १८९७-९८ सारखे दंगे पुढे क्वचितच झाले. रोग तोच असताना धास्तीचे स्वरूप बदलले, हे येथे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

७. २०२० चा अनुभव

महाराष्ट्रात कोविड-१९ चे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले आणि त्यानंतर काही दिवसांत राज्य सरकारने १८९७ चाच साथरोग कायदा लागू केला. दोन काळांत मोठे अंतर होते. विषाणूची ओळख काही आठवड्यांत पटली, वर्षभरात लस आली आणि राज्यकर्ते परके नव्हते. तरीही हातावर मारलेले विलगीकरणाचे शिक्के, सील केलेल्या इमारती, रुग्णवाहिकेत एकट्याने चढलेला माणूस आणि अंत्यदर्शनाविना झालेले अंत्यसंस्कार या गोष्टींनी जुन्या धास्तीला जाग आणली. बाधित कुटुंबाकडे शेजाऱ्यांनी पाठ फिरवल्याच्या घटना घडल्या आणि त्या भयाने लोक तपासणी टाळू लागले. १८९७ चे दुष्टचक्र पुन्हा फिरू लागले. शहरांतून गावाकडे पायी निघालेल्या श्रमिकांच्या रांगांत मुंबईच्या १८९७ मधील पलायनाचीच कारणे होती : लहान खोली, बुडालेली मजुरी आणि आपल्या माणसांची ओढ.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार साथीच्या पहिल्या वर्षात चिंता व नैराश्य यांचे जगभरातील प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. याच संघटनेने मार्च २०२० मध्ये दिलेल्या सूचना इतिहासाच्या अभ्यासकास ओळखीच्या वाटतील. बातम्या दिवसभर न पाहता ठरावीक वेळी, विश्वासार्ह ठिकाणाहून घ्याव्यात. शरीराने दूर राहावे पण आप्तांशी संपर्क तोडू नये. दिनक्रम मोडू देऊ नये. बाधितांना त्यांच्या रोगाच्या नावाने ओळखू नये. इतरांना मदत करावी, कारण त्याने मदत करणाऱ्यासही आधार मिळतो. 'सामाजिक अंतर' या शब्दप्रयोगाऐवजी 'शारीरिक अंतर' म्हणावे, असेही त्याच काळात सुचवण्यात आले. पुण्याच्या हिंदू प्लेग रुग्णालयात उशाशी बसलेल्या नातलगाला हा भेद न सांगताच कळला होता. २०२० मध्ये काही रुग्णालयांनी रोग्यांना दूरध्वनीच्या पडद्यावर घरच्यांचे दर्शन घडवले, ते याच गरजेचे नवे रूप होते.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) साथीतील चिंता निराधार नसते. प्लेगकाळात तिची तीन कारणे ठळकपणे दिसतात : रोगाविषयी अनिश्चितता, आप्तांपासून ताटातूट आणि शरीराची व घराची विटंबना. पैकी पहिले कारण तत्काळ दूर करणे कोणाच्या हाती नव्हते. उरलेली दोन मात्र व्यवस्थेने निर्माण केली होती आणि व्यवस्थेलाच ती दूर करता आली.

(२) अफवा खोडून काढण्याआधी तिच्यात दडलेला प्रश्न ओळखावा लागतो. त्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर वेळेवर मिळाले तर अफवेची गरज उरत नाही.

(३) व्यक्तीने स्वतःच्या मनाची काळजी घेणे आवश्यकच आहे. पुरेशी झोप, ठरलेला दिनक्रम, बातम्यांवर मर्यादा, मोकळे बोलणे आणि गरज पडल्यास तज्ज्ञांची मदत यांत कमीपणा नाही. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते. परंतु चिंतेची सारी जबाबदारी व्यक्तीवर टाकणे म्हणजे झडतीच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला धीर धरण्यास सांगण्यासारखे आहे.

(४) महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने याचा अर्थ व्यवहाराचा आहे. पुढची साथ येईल तेव्हा परीक्षा, वसतिगृह आणि उपस्थिती यांविषयीचे निर्णय आपल्याच हातून विद्यार्थ्यांपर्यंत पोचतील. काय ठरले, काय ठरलेले नाही आणि ते केव्हा ठरेल, हे स्पष्टपणे सांगणे हेही मानसिक आरोग्याचेच काम आहे. घरी आजारी माणूस असलेल्या विद्यार्थ्याची चौकशी करणारा एक दूरध्वनी परिपत्रकाहून अधिक उपयोगी पडतो.

पुण्यात झडतीसाठी ८९३ माणसे नेमली गेली आणि त्यांनी दोन महिन्यांहून थोड्या अधिक काळात ३३८ रोगी शोधले. जेथे रोगी आपण होऊन येत, तेथे त्यांना शोधावे लागले नाही. साथीच्या काळातील मनःस्वास्थ्याचा विचार या साध्या वस्तुस्थितीपासून सुरू व्हावा, एवढेच या निबंधाचे म्हणणे आहे.